लाइट जाऊन आली की मीटरचे यूएसबी पोर्ट अदलाबदल होतात, त्याचं काय करायचं

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं काही जुळतंय का बघा.

शेड एकचं रीडिंग शेड दोनच्या नावावर यायला लागतं आणि एरर कुठेच नाही, सॉफ्टवेअर हिरवं, मीटर हिरवे, फक्त आकडे दुसऱ्याचे. हातानं रीबूट केलं तर सगळं बरोबर, पण लाइट जाऊन आली की उलटं. किंवा चालू असताना मधेच एक लाइन बंद पडते, मीटरची लाइन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबी कन्व्हर्टरचा दिवा लागलेलाच असतो, आणि बघायला जावं तर टीटीवाययूएसबी० (लिनक्सनं त्या पोर्टला दिलेलं नाव) गायब आणि टीटीवाययूएसबी२ म्हणून एक नवीनच हजर. कधी कन्व्हर्टर लावल्यावर दोन सेकंद दिसतो आणि नाहीसा होतो. कधी पोर्ट दिसतो पण प्रोग्रामला "डिव्हाइस बिझी" येतं.

मी सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत वीज मीटरचं रीडिंग गोळा करायच्या छोट्या सिस्टीम बसवतो. एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर बोर्ड, पुढे नुसतं पाय म्हणेन) किंवा जुना मिनी पीसी, त्यावर लिनक्स, त्याला दोन-तीन यूएसबी टू आरएस४८५ कन्व्हर्टर (आरएस४८५ म्हणजे मीटरची लांब जाणारी दोन वायरची सिरियल लाइन), आणि प्रत्येक कन्व्हर्टरच्या लाइनवर एकेका शेडचे मीटर. वरची पाचही लक्षणं मला कुठे ना कुठे भेटलीत, आणि पहिलं तर इतक्यांदा की आता फोनवर नुसतं "अण्णा, आकडं येगळंच दाखवालंय" ऐकलं की मी पहिला प्रश्न "रात्री लाइट गेली होती का" हाच विचारतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शेड दोन दुरुस्तीसाठी बंद होती, एकही माग चालू नाही, तरी रिपोर्टमध्ये तिच्या नावावर युनिट पडत होते. मालकानं मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला विचारलं, "शेड बंद हाय की, मग युनिट कसं पडालेत?" त्या माणसाची त्यात काडीची चूक नव्हती. आणि वाईट हे की दोन्ही शेड चालू असत्या तर कुणाच्याच लक्षात आलं नसतं. म्हणून हा फॉल्ट मला बंद पडणाऱ्या सिस्टीमपेक्षा जास्त डेंजर वाटतो, बंद पडलेलं निदान कळतं.

तपासायला लागायच्या आधी कर्नल (लिनक्सचा गाभा) डिव्हाइस कसे लावतो एवढं समजून घ्या, नाहीतर पुढच्या सगळ्या पायऱ्या पाठ करायला लागतील. कर्नलच्या मनात प्रत्येक डिव्हाइस एका झाडावर असतो. मुळाशी प्लॅटफॉर्म, त्याला पीसीआय किंवा थेट यूएसबी कंट्रोलर, कंट्रोलरला बस, बसला हब (एका पोर्टचे अनेक करणारा), हबला पोर्ट, पोर्टला तुमचा कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरच्या टोकाला सिरियल पोर्ट. हे झाड /सिस/डिव्हायसेस या फोल्डरखाली जसंच्या तसं दिसतं, २००३ च्या डिसेंबरात २.६ कर्नल आला तेव्हापासून. /सिस/बस आणि /सिस/क्लास मध्ये जे दिसतं त्या बहुतेक नुसत्या लिंका असतात, खरं घर डिव्हायसेसमध्येच.

आता टीटीवाययूएसबी० यातला शून्य म्हणजे काय, तर जो आधी आला त्याला शून्य, मागून आला त्याला एक. तो एसटीत सीट धरल्यासारखा नंबर आहे, आज तुम्ही खिडकीत, उद्या दुसरा. १-१.३ हा मात्र पत्ता आहे: बस १, तिच्या मुळातला पोर्ट १, तिथल्या हबचा पोर्ट ३. जसं साखर पेठ, अमुक बोळ, डावीकडचं तिसरं घर. घरात माणूस कधीही येवो, घर जागचं हलत नाही. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक केसमध्ये प्रोग्रामनं सीट नंबर पाठ केलेला होता आणि पत्ता कुणीच दिला नव्हता.

हातानं रीबूट केल्यावर बरोबर आणि लाइट गेल्यावर उलटं का होतं हेही यातच आलं. रीबूटमध्ये हबची पॉवर बहुतेक वेळा तशीच राहते, कन्व्हर्टर जागेच असतात, पोर्टच्या क्रमानं सापडत जातात. लाइट गेली की सगळेच थंड. वेगळ्या ॲडाप्टरवरचा हब उशिरा उठतो, दोन कन्व्हर्टरच्या चिप वेगळ्या असतील तर त्यांचे ड्रायव्हर वेगवेगळ्या वेळी लोड होतात, आणि मग जो पुढे गेला त्याला शून्य.

चला, आता तपासणी. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, मशीनवर अर्थातच इंग्रजीत टाकायच्या.

फुकटातली पहिली तपासणी डोळ्यांनी आणि हातानं. कुणी प्लग काढून दुसरीकडे लावलाय का? झाडलोट करताना निघालेला प्लग जिथे भोक दिसेल तिथे परत लावतात, त्यात त्यांचा दोष नाही, कारण तिथे काही लिहिलेलंच नसतं. मग प्लग बाहेर काढून तोंडात बघा. टॉवेलच्या शेडमध्ये सुताची रुई सगळीकडे बसते, यूएसबीच्या धातूच्या तोंडात तिचा पातळ, राखाडी नमदा तयार होतो, आणि प्लग पूर्ण बसल्यासारखा वाटतो पण आत एखादी पट्टी नीट टेकत नाही. बोर्ड बंद करून, लाकडी टूथपिक आणि कोरड्या ब्रशनं साफ करा, तोंडानं फुंकू नका, ओल जाते. दोन सेकंद दिसून गायब होणारे कन्व्हर्टर मी निम्म्यापेक्षा जास्त वेळा एवढ्यावर परत चालू केलेत.

लगेच पॉवर बघा, हीसुद्धा फुकटच आहे. डीमेसेज कमांड द्या, ती कर्नलचा लॉग दाखवते, आणि त्यात "अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड" शोधा. पाय बोर्डवर व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली आलं की हा मेसेज पडतो. मोबाइलचा चार्जर लावून चालवलेला बोर्ड मला दर महिन्याला एक तरी दिसतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय लागतो, आणि तीन कन्व्हर्टर असतील तर स्वतःची पॉवर असलेला हब घ्या. हा मेसेज असेल तर पुढचं काही करू नका, आधी सप्लाय बदला, कारण कमी व्होल्टेजवर झाडाची फांदीच तुटत-जुडत राहते आणि तुम्ही नावं दुरुस्त करत बसाल.

पॉवर ठीक निघाली तर झाड बघा. एलएसयूएसबी -टी दिलं की फांद्यांसकट चित्र येतं, कुठल्या हबच्या कुठल्या पोर्टवर कोण आणि त्याला ड्रायव्हर लागलाय का. ड्रायव्हरच्या जागी काहीच नाही, असं दिसलं तर डिव्हाइस सापडलाय पण त्याला कुणी वाली नाही, म्हणजे ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड झालेलं नाही. ड्रायव्हर दिसतोय तर एक एक प्लग उपसा आणि दर वेळी डीमेसेजच्या शेवटच्या ओळी वाचा, त्यात "यूएसबी १-१.३ डिस्कनेक्ट" असं येईल. ज्या शेडची वायर उपसली तिच्यासमोर तो पत्ता कागदावर लिहा. हा कागद जपा, पुढे सगळं त्यावरच आहे. मी तर हबवरच स्टिकर लावतो, मार्करनं १.२ शेड एक, १.३ शेड दोन, आणि तेच प्लगच्या मानेवर पण, वरून पारदर्शक टेप, नाहीतर सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली गोंद सुटून स्टिकर आठवड्यात खाली.

आता खरी दुरुस्ती, आणि बहुतेकांचं काम इथेच संपेल. /डेव्ह/सिरियल या फोल्डरमध्ये बघा, दोन फोल्डर असतात, बाय-आयडी आणि बाय-पाथ. बाय-आयडीमध्ये चिपच्या सिरियल नंबरवरून नाव येतं, बाय-पाथमध्ये झाडावरच्या जागेवरून. एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप असेल तर तिला साधारणपणे स्वतःचा सिरियल नंबर असतो, मग बाय-आयडी वापरा, प्लग कुठल्याही भोकात गेला तरी चालतो, हे सगळ्यात उत्तम. पण बाजारात जास्त खपणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सीएच३४० चिप असते आणि तिच्यात सहसा सिरियल नंबर नसतोच, म्हणजे असे दोन कन्व्हर्टर कर्नलला जुळ्या भावांसारखे दिसतात. मग बाय-आयडीत दोघांसाठी एकच लिंक तयार होते आणि ती कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे. इथेच लोक फसतात, "बाय-आयडी टाकलं तरी बदलतंय" म्हणून फोन येतो. सीएच३४० ला बाय-पाथच. नाव लांबलचक असतं, प्लॅटफॉर्म किंवा पीसीआयपासून सुरू होऊन शेवटी यूएसबी-०:१.३:१.०-पोर्ट० असं काहीतरी, पण आख्खं कॉपी करून तुमच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये टीटीवाययूएसबी० च्या जागी टाका. झालं. दोन मिनिटांचं काम, पैसा शून्य.

फक्त लक्षात घ्या, बाय-पाथमध्ये पत्ता भोकाचा आहे, कन्व्हर्टरचा नाही. प्लग दुसऱ्या भोकात लावला तर नाव पण दुसरं. म्हणून ते स्टिकर.

लांब नाव नको असेल, किंवा सॉफ्टवेअर एवढं मोठं नाव घेत नसेल (जुन्या विंडोज वळणाच्या सॉफ्टवेअरात असं होतं), तर यूडेव्हचा (डिव्हाइसना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सर्व्हिसचा) नियम लिहायचा. /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये ९९ ने सुरू होणारी फाइल, त्यात प्रत्येक शेडला एक ओळ: सबसिस्टीम टीटीवाय, आयडी_पाथ अमुक, आणि सिमलिंकमध्ये मीटर_शेड१. आयडी_पाथची किंमत यूडेव्ह-एडीएम इन्फो कमांडनं मिळते. फाइल सेव्ह केल्यावर यूडेव्ह-एडीएम कंट्रोल --रीलोड आणि मग यूडेव्ह-एडीएम ट्रिगर. आता /डेव्ह/मीटर_शेड१ तयार दिसायला पाहिजे.

यात दोन खड्डे आहेत आणि दोन्हीत मी स्वतः दिवस घालवलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिला असा की यूडेव्ह-एडीएम इन्फो -ए दिलं की टोकापासून मुळापर्यंत सगळ्या पिढ्या ओळीनं छापून येतात, हा डिव्हाइस, मग त्याचा बाप, मग आजा, असं. माणूस काय करतो, एक गुण बापाचा उचलतो, एक आज्याचा, आणि एका नियमात घालतो. तो नियम कधीच लागत नाही आणि एररही देत नाही. एका नियमात तुम्ही डिव्हाइसचे स्वतःचे गुण आणि वरच्या कुठल्याही एकाच पिढीचे गुण घेऊ शकता, दोन पिढ्यांची मिसळ चालत नाही, कारण यूडेव्ह वर चढत जाताना एकाच पूर्वजात सगळं जुळतंय का हे बघतो. व्हेंडर नंबर आणि पोर्टचा पत्ता दोन्ही यूएसबी डिव्हाइसच्या पिढीत असतात, ते एकत्र घ्या. पण त्यात १-१.३:१.० हा इंटरफेसचा पत्ता मिसळला की संपलं, ती त्याच्या खालची वेगळी पिढी आहे.

दुसरा खड्डा मिनी पीसीवाल्यांसाठी. १-१.३ मधला पहिला १ हा बस नंबर, आणि बस नंबरसुद्धा कंट्रोलर ज्या क्रमानं सापडले त्यावरूनच ठरतो. मशीनमध्ये दोन-तीन कंट्रोलर असले तर तो कधी १ कधी ३ होऊ शकतो, म्हणजे ज्याला आपण पत्ता समजलो त्याची पहिली पाटीच सीट नंबर निघाली. आयडी_पाथमध्ये कंट्रोलरचा स्वतःचा पीसीआय पत्ता असतो, बस नंबर नसतो, म्हणून मी हल्ली सगळीकडे आयडी_पाथच वापरतो, एकच कंट्रोलर असला तरी.

नावं पक्की झाली तरी "डिव्हाइस बिझी" येत असेल तर दुसरं कुणीतरी पोर्ट धरून बसलंय. मोडेममॅनेजर ही सर्व्हिस नवीन सिरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का हे विचारून बघते, आणि तेवढ्या वेळात तुमचा प्रोग्राम बाहेर. मोबाइल डोंगल लावलेलं नसेल तर ती सर्व्हिस बंद करा. उबंटू २२.०४ वर सीएच३४० लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय बघा, ते ब्रेल डिस्प्लेचं सॉफ्टवेअर आहे, आणि काही ब्रेल डिस्प्लेचा आयडी या चिपच्या आयडीशी जुळत असल्यामुळे ते कन्व्हर्टरला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतं. त्या मशीनवर ब्रेल वापरणारं कुणी नाही याची खात्री करून मगच काढा. कुणी अंध सहकारी वापरत असेल तर त्याचं काम आधी, तुम्ही एफटीडीआयचा कन्व्हर्टर घ्या.

आता ते शून्याचं दोन होणं. चालू असताना कन्व्हर्टर क्षणभर तुटला आणि परत जोडला गेला, पण तुमच्या प्रोग्रामनं जुना पोर्ट उघडाच धरून ठेवलेला, त्यामुळे शून्य नंबर मोकळा झाला नाही आणि परत येणाऱ्याला पुढचा मोकळा नंबर मिळाला. पक्क्या नावाची लिंक आपोआप नव्या नंबरकडे वळते, पण प्रोग्रामनं एरर आल्यावर पोर्ट बंद करून परत उघडला पाहिजे, ते त्यात नसेल तर लिहून घ्या.

पण मुळात तो कशामुळे तुटतो, हे शोधल्याशिवाय सोडू नका. डीमेसेजमध्ये "डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?)" अशी ओळ सापडली तर कर्नल सरळ सांगतोय की बाहेरच्या विजेच्या गोंगाटाची शंका आहे. वेळ जुळवून बघा, मोठी मोटर चालू होते किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पॅनल सुरू होतं त्याच मिनिटाला असतं बऱ्याचदा. स्वस्त उपाय आधी: यूएसबी केबल आखूड आणि शील्डवाली घ्या, मोटरच्या केबलपासून लांब न्या, फेराइट रिंग घाला. लोक कन्व्हर्टर पॅनलजवळ ठेवतात आणि कंट्रोल रूममधल्या बोर्डपर्यंत यूएसबी ओढतात, हे उलटं करा, यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे न्यायची नसते, आरएस४८५ कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जाते. बोर्ड ऑफिसात ठेवा, लांब जाऊ दे आरएस४८५ ची पीळ घातलेली जोडी, दोन्ही टोकांना १२० ओहम, आणि शील्डची अर्थिंग एकाच टोकाला. याच्यानं नाही थांबलं तर आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या, महाग पडतो पण शेडमध्ये तोच टिकतो.

कन्व्हर्टरऐवजी बोर्डच्याच पिनांवर आरएस४८५ चं कार्ड बसवलं असेल तर प्रश्न थोडा वेगळा, पण मूळ तेच. तिथे यूएसबीसारखं विचारून ओळख पटत नाही, पिनांना जोडलेली वस्तू स्वतःहून काही सांगत नाही, म्हणून कर्नलला आधीच लिहून दिलेला नकाशा लागतो, तो म्हणजे डिव्हाइस ट्रीची डीटीबी फाइल. पाय ३ आणि ४ वर चांगला यूआर्ट (चिपमधलं सिरियल लाइन चालवणारं सर्किट) ब्लूटूथला दिलेला असतो आणि पिनांवर मिनी यूआर्ट येतो, ज्याचा बॉड रेट (डेटाचा वेग) चिपच्या कोअर क्लॉकवर लटकलेला. ब्लूटूथ नको असेल तर कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये डिसेबल-बीटी हा ओव्हरले टाका आणि प्रोग्रामला /डेव्ह/सिरियल० हेच नाव द्या. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल /बूट/फर्मवेअर मध्ये आहे, जुन्या जागी लिहून "काहीच बदलत नाही" म्हणणारे खूप भेटतात. सीएमडीलाइन फाइलमधलं सिरियल० वरचं कन्सोलही काढा, नाहीतर बूट होताना सगळा लॉग मीटरच्या लाइनवर ओतला जातो. लागलं का बघायचं तर /प्रॉक/डिव्हाइस-ट्री उघडा, कर्नल आत्ता जो नकाशा धरून चाललाय तोच तिथे दिसतो, यूआर्टच्या नोडमध्ये स्टेटस "डिसेबल्ड" असेल तर ड्रायव्हर त्याच्याकडे बघणारही नाही.

सगळं झाल्यावर एक काम माझ्याखातर करा. मॉडबसमध्ये (या लाइनवर मीटर ज्या भाषेत बोलतात ती) मीटरला १ ते २४७ यातला नंबर देता येतो. लोक प्रत्येक लाइनवर परत १ पासून सुरू करतात. तसं करू नका, शेड एकला ११ पासून, शेड दोनला ५१ पासून, असे वेगळे द्या. मग उद्या कुणी प्लग उलटे लावले तरी शेड एकच्या लाइनवर ११ नंबर सापडणारच नाही, टाइमआउट येईल, स्क्रीन लाल होईल. चुकीच्या आकड्यापेक्षा लाल स्क्रीन कधीही परवडली.

कुठे थांबायचं तेही सांगतो. मीटर ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये असतो, त्याचं दार उघडून आतल्या वायरला हात लावायची वेळ आली की लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, आरएस४८५ ची दोनच वायर सोडवायची असली तरी, कारण बाजूलाच बसबार असतो. वीज कंपनीच्या सीलबंद मीटरला तर कुणीच हात लावायचा नाही. बोर्डच्या किंवा कन्व्हर्टरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच सगळं बंद, ते अर्थिंगचं काम आहे, सॉफ्टवेअरचं नाही. लॉगमध्ये "ओव्हर-करंट कंडिशन" येतंय आणि प्लग गरम लागतोय, तो कन्व्हर्टर परत लावू नका. आणि बोर्ड कुणी खास बनवून दिलेला असेल, डीटीबी त्यांचीच असेल, तर नेटवरची दुसऱ्या बोर्डची डीटीबी टाकून प्रयोग करू नका, बोर्ड बूटच होणार नाही, आणि पिन चुकीच्या दिशेनं चालवली गेली तर चिप जाऊ शकते. बनवणाऱ्यालाच गाठा.

दुरुस्ती तपासताना सॉफ्ट रीबूट करून समाधान मानू नका. सिस्टीम व्यवस्थित शटडाउन करा, मग बोर्ड आणि हब दोन्हीची लाइन बंद करा, एक मिनिट थांबा, परत चालू करा, असं पाच वेळा. एकदा हब आधी, एकदा बोर्ड आधी. पाचही वेळा एक शेड थोडा वेळ बंद ठेवून तिचंच रीडिंग थांबतंय का हे मीटरसमोर उभं राहून बघा.

राहिला मागचा बिघडलेला डेटा. जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स दिलं की कुठल्या तारखेला मशीन उठलं ते येतं, आणि प्रत्येक बूटच्या लॉगमध्ये कुठला पत्ता कुठल्या टीटीवाययूएसबीला लागला ती ओळ असते. त्यावरून कुठून कुठपर्यंत उलटं होतं हे काढून तेवढे दिवस अदलाबदल करून घेता येतात, त्या टॉवेलच्या कारखान्यात आम्ही तसंच केलं. पण त्यासाठी /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर आधीपासून असावं लागतं, नाहीतर बऱ्याच सिस्टीमवर लॉग रॅममध्येच राहतो आणि लाइटबरोबर जातो. ते आजच तयार करून ठेवा. लॉग नसेल तर ते दिवस रिपोर्टमध्ये कोरे सोडा आणि मालकाला तसं स्पष्ट सांगा, अंदाजानं भरू नका.